मातीतला जळिताचा कार्बन मोजायचा कसा?

प्रश्न
एकाच जंगलातील वारंवार वणवा लागणारा भाग आणि कित्येक वर्षे न जळालेला भाग यांच्या मातीत आगीतून आलेला कार्बन किती साठला आहे, याची तुलना मला पदव्युत्तर प्रबंधासाठी करायची आहे. आमच्या प्रयोगशाळेत सेंद्रिय कार्बन वॉकली-ब्लॅक पद्धतीने, म्हणजे डायक्रोमेट या रसायनाने त्याचे ऑक्सिडीकरण करून, मोजतात. त्या आकड्यातून कोळशाचा वाटा वेगळा काढता येईल का? हा कार्बन दीर्घकाळ टिकतो असे वाचले आहे, तेव्हा वरच्या १० सेंटीमीटरचे नमुने पुरेसे ठरावेत.

प्रतिसाद १
वाटा काढता येणार नाही, आणि मूळ आकडाही फसवा निघेल. या पद्धतीतले डायक्रोमेट कोळशातील घट्ट वलयी रेणूंचे पूर्ण ऑक्सिडीकरण करत नाही, त्यामुळे जळालेल्या भागाचाच कार्बन कमी दिसण्याचा धोका असतो. एकूण कार्बन कोरड्या ज्वलनाने, म्हणजे नमुना उच्च तापमानाला जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून, मोजा. मातीत चुनखडी असल्यास तिचा कार्बन त्यात मिसळू नये म्हणून ती आधी आम्लाने काढून टाका. कोळशासाठी नमुना ३७५ अंश सेल्सिअसला २४ तास तापवून उरलेला कार्बन मोजण्याची पद्धत स्वस्त आहे, पण तिच्यात प्रामुख्याने काजळी टिकते आणि वणव्यात कमी तापमानाला तयार झालेला कोळसा बराचसा जळून जातो, म्हणजे तुम्हाला हवे तेच हातचे जाते. नायट्रिक आम्लाने कोळशातील वलयी रेणूंचे तुकडे पाडून त्यांतून तयार होणारी बेंझीन पॉलिकार्बोक्झिलिक आम्ले मोजणे अधिक योग्य. त्यांतील मेलिटिक आम्लाच्या प्रमाणावरून वलये कितपत सांधलेली आहेत, हेही कळते. मात्र दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

प्रतिसाद २
दहा सेंटीमीटर पुरणार नाहीत. ॲमेझॉन खोऱ्यातील काळ्या मातीत कोळसा शतकानुशतके टिकला हे खरे. पण रशियातील गवताळ प्रदेशाच्या मातीचे सुमारे शंभर वर्षांच्या अंतराने घेतलेले नमुने तपासले, तेव्हा हा साठा सुमारे २५ टक्क्यांनी घटलेला आढळला. शिवाय मातीतून गेलेला कोळसा कुजलाच असेल असे नाही. तो हलका असल्याने पावसाच्या पाण्याबरोबर उताराच्या पायथ्याशी जातो, बारीक कण खाली झिरपतात आणि काही भाग विरघळून नदीला मिळतो. म्हणून पालापाचोळ्याचा थर वेगळा ठेवा, उताराचा माथा आणि पायथा दोन्हीकडून निदान अर्धा मीटर खोलीपर्यंत नमुने घ्या, आणि प्रत्येक थराची स्थूल घनता (ठराविक घनफळातील कोरड्या मातीचे वजन) मोजा, कारण तिच्याशिवाय टक्केवारीवरून साठा काढता येत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग न जळालेल्या भागातील कोळसा शून्य धरून फरक काढला तर चालेल का?

प्रतिसाद १
मुळीच नाही. ‘न जळालेला’ म्हणजे नोंदी आहेत तेवढ्या काळात न जळालेला. त्याआधीच्या वणव्यांचा कोळसा तिथेही सापडू शकतो. त्याचे मोजमापही त्याच पद्धतीने करा आणि शक्य असल्यास हाताने वेचलेल्या तुकड्यांचे रेडिओकार्बन वय काढा. ते वय लाकडाचे असते, आगीचे नव्हे. जुन्या झाडाच्या गाभ्याचा तुकडा निघाला तर आग आहे त्यापेक्षा कितीतरी जुनी भासेल, तेव्हा बारीक फांद्यांचे तुकडे निवडा.