जुनी रबर रिंग निघाली का, ते आधी बघा

गाडीचं इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर घरी कसा बदलायचा, यावर वर चर्चा चालली आहे. नवा फिल्टर हातानेच आवळायचा, पाना लावायचा नाही, हे त्यात आलंय ते बरोबरच. फिल्टरची रबर रिंग इंजिनाला टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरतो. इंजिन कडकडीत तापवून ऑइल काढा, हे मात्र पटलं नाही. पाच मिनिटं चालवून कोमट झालं तरी ते पातळ होऊन नीट उतरतं, उगाच हात भाजून कशाला घ्यायचा?

पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. जुना फिल्टर काढला की तो उलटा करून त्याची रबर रिंग जागेवर आहे का ते बघा. उष्णतेने ती कधीकधी इंजिनाच्या तोंडालाच चिकटून राहते. काळ्या तेलात काळी रिंग, दिसत नाही. मी एकदा तसाच नवा फिल्टर त्या जुन्या रिंगवर बसवला. आधी थेंबही गळला नाही, म्हणून मी खूश. मग थोडा रेस दिला, दाब वाढला, दोन रिंगा एकमेकींवरून सरकल्या आणि नवंकोरं ऑइल भसकन जमिनीवर! ऑइलचा दाब कमी झाल्याचा दिवा लागायच्या आत इंजिन बंद केलं म्हणून वाचलो. तेव्हापासून ती जागा फडक्याने पुसून बोट फिरवतो आणि नव्या रिंगला ताज्या ऑइलचं बोट लावतो, म्हणजे पुढच्या वेळी ती चिकटत नाही. (काही गाड्यांत नुसता कागदी फिल्टर आत बसतो, तिथे झाकणाची ओ-रिंग बदलायची असते.)