लातूरच्या ट्यूशन एरियात भाड्यानं द्यायला फ्लॅट घ्यावा का?

अहमदपूरकर
नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मागच्या वर्षी निवृत्त झालो. हातात 18 लाख आहेत, वरचे 15 मुलाच्या नावावर कर्ज काढून उभे करता येतील. दोन गोष्टी बघितल्यात. एक, ट्यूशन एरियाजवळ, म्हणजे नीटचे क्लासेस आहेत त्या भागाजवळ, दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, 33 लाखांना. भाडं 10 हजार येईल म्हणतात. दुसरा, औसा रोडला गावाबाहेर प्लॉट, 12 लाखांना, "चार वर्षांत दुप्पट." भाड्याच्या व्यवहाराचा अनुभव शून्य. ज्यांनी केलंय त्यांनी सांगावं.

नांदेडचा वकील
प्लॉटचा सातबारा, फेरफार, एनए म्हणजे बिगरशेती असल्याचा कागद आणि मंजूर लेआउट हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. नुसत्या बाँडवर, नोटरीवर खरेदी करू म्हणत असतील तर तिथूनच परत फिरा, त्यानं मालकी मिळत नाही. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांची तपासणी, स्वतःच्या वकिलाकडून घ्या, विकणाऱ्यानं आणून दिलेला नको.

खाडगाव रोडची ताई
गुरुजी, मी 2014 पासून मुलींना खोल्या देते. सहा खोल्या, वरच्या मजल्यावर. फ्लॅटचा हिशेब आधी मांडते. 10 हजारांनी वर्षाचे 1 लाख 20 हजार, म्हणजे 33 लाखांवर साडेतीन टक्क्यांच्या जरा वर. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रंग जाणार. 15 लाखांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांला 13 हजारांच्या घरात बसतो. भाड्यातून हप्ता निघत नाही, दर महिन्याला पेन्शनीला हात लावावा लागेल. खरेदीखताचे आणि नोंदणीचे दोन लाखांच्या वर वेगळे. काकूंच्या नावानं घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, तेवढं नक्की करा.

बारा महिने भाडं येतं हेही धरू नका. मेडिकलची नीट परीक्षा मेच्या सुरुवातीला होते, लेकरं परीक्षा देऊन गावाकडं जातात आणि नवीन बॅच जूनच्या पुढं येते. माझ्या खोल्या दरवर्षी दीड महिना रिकाम्या असतात. त्याच काळात मी नळ, कड्या, पंखे दुरुस्त करून घेते.

आता पाण्याचं. लातूरमध्ये खोली भाड्यानं देणं म्हणजे पाणी देणं, हे मी 2016 ला शिकले. मांजरा धरण कोरडं पडलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. माझी बोअर मार्चमध्येच गेली होती. परीक्षा तोंडावर आलेली आणि लेकरं पहाटे चारला घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. दोघींना त्यांच्या वडिलांनी येऊन नेलं. "ताई, तुमचा दोष नाही," म्हणाले, पण मला ते आजही लागतं. त्यांनी लेक माझ्या भरवशावर ठेवली होती. त्या पावसाळ्यात मी कर्ज काढून 10 हजार लिटरचा हौद बांधला आणि गच्चीचं पाणी पाईपनं बोअरजवळच्या खड्ड्यात सोडलं. एका मुलीला दिवसाला शंभर लिटर धरा, सहाजणींना सहाशे. भरलेला हौद पंधरा दिवस पुरतो. नळ आठ दिवस आला नाही तरी मला झोप लागते.

म्हणून एजंटला भाडं विचारण्याआधी, सोसायटीचा हौद किती लिटरचा, बोअर किती फूट आणि मागच्या मेमध्ये टँकर किती घेतले, हे विचारा. टँकरची बिलं मागा.

भाड्याचा करार नोटरीवर करू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं करार लेखी आणि नोंदलेला लागतो, जबाबदारी घरमालकाची. 11 महिन्यांचा असला तरी. 10 हजार भाड्याला मुद्रांक तीनशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी 1,000, ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी चालढकल करायलेत लोक, आणि भाडेकरू निघाला नाही की मग रडायलेत. लेकरू 18 च्या आतलं असेल तर करार आई किंवा वडिलांशी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्या. खोलीगणिक सबमीटर बसवा. एकाच मीटरवर सगळ्यांची वीज आली की बिल वरच्या दराच्या टप्प्यात जातं आणि वाद पोरींमध्ये लागतो; सबमीटरनं बिल कमी होत नाही, पण कुणाची किती हे कळतं.

माझं मत विचाराल तर फ्लॅट नको. हातातल्या पैशात, कर्ज न घेता, जरा लांबचं जुनं बैठं घर बघा, स्वतःची बोअर आणि हौदाला जागा असलेलं. चार खोल्या निघाल्या तर एक रिकामी राहिली तरी तीन चालू असतात. फ्लॅट रिकामा राहिला की सगळंच थांबतं.

अहमदपूरकर
ताई, मनापासून आभार. आज एजंटला फोन करून बोअरचं विचारलं. "पाणी भरपूर आहे," एवढंच म्हणाला. टँकरची बिलं मागितली तर "सेक्रेटरीला विचारतो" म्हणून फोन ठेवला. प्लॉटचा विषय वकीलसाहेबांमुळं संपला. बैठं घर बघताना भिंतीचं, पायाचं काय तपासावं? किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या घरात जुन्या मातीच्या भिंतींची भीती बसलीय.

खाडगाव रोडची ताई
ती भीती रास्त आहे. माती-दगडाचं असेल तर नकोच. कॉलम-बीमचं असेल तरी ओळखीच्या इंजिनिअरला बरोबर न्या, त्याची फी देताना मागंपुढं बघू नका. रविवारी सकाळी आमच्याकडं या, काकूंनाही आणा. हौद धुवायला काढणार आहे, आतून बघायला मिळेल.