मदत हवी आहे: शाळेचं ग्रंथालय 'कोहा'वर न्यायचंय, मराठी-गुजराती पुस्तकांसकट

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात शाळेत ग्रंथपाल आहे. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून गावोगावी वाचनालयं उभी केली, त्याच गावात मी अजून दाखल नोंदवहीत बोट फिरवत पुस्तक शोधते! मुलं मात्र विचारतात, "बाई, सर्च करून सांगा ना."

'कोहा' हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत, म्हणून तेच घ्यायचं ठरवलंय. घोडं अडलंय ते जुन्या यादीपाशी. आधीच्या बाईंनी मराठी पुस्तकांची एक्सेल शीट केली होती, पण ती युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. माझ्या कॉम्प्युटरवर उघडली की लेखकांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस दिसतात. कन्व्हर्टर वापरून पाहिला, तर जोडाक्षरं आणि रफार विस्कटले. गुजराती पुस्तकांची यादी तर हातानेच लिहिलेली आहे.

कुणी असं रूपांतर नीट करून घेतलंय का? की सरळ नव्याने टाइप करणंच शहाणपणाचं? मार्क २१ मध्ये (पुस्तकांच्या नोंदी करायच्या ठरावीक साच्यात) मराठी नावासोबत रोमन लिपीतलं नावही ८८० फील्ड वापरून जोडता का? आणि कोहा लिनक्सवर चालतं, तर लिनक्स अजिबात न येणाऱ्या माणसाने आधी काय शिकावं? 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा एखादा कोर्स स्वतः केला असेल तरच सुचवा, नुसत्या लिंका नकोत. सर्टिफिकेटं फाइलला लावायला पुष्कळ आहेत.

दांडिया बाजार, मांजलपूर भागात कुणी जाणकार असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप घेऊन मीच येईन.