गॅरेजची खोली केलीत? अनुभव लिहा

सहकारनगर, पुणे

सासऱ्यांनी १९८४ साली बंगल्याला लागून गॅरेज बांधलं तेव्हा घरात गाडी नव्हती. चार वर्षांनी पद्मिनी आली. ती विकली २००९ मध्ये, आणि पुढची अकरा वर्षं तिथे रद्दी, जुना कूलर, गणपतीचं मखर आणि दोन सायकली नांदल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. आम्ही चौघं मोठे, दोन मुलं, दोघांच्या ऑनलाइन शाळा. माझी मीटिंग चालू असताना मागे कुकरच्या शिट्ट्या. शेवटी जूनमध्ये सासरेच म्हणाले, "गॅरेज रिकामं कर की. गाडी काही आता येत नाही."

आठ दिवसांत सामान हललं, भिंतींना रंग लागला, खाली विनाइल अंथरलं, टेबल मांडलं. पहिला महिना सुखाचा गेला. जुलैत वास यायला लागला. विनाइलचा कोपरा उचलून बघितला तर खाली पाणी साचलेलं नव्हतं, पण कोब्याला घाम फुटल्यासारखे बारीक थेंब होते आणि भिंतीकडेला मिठासारखी पांढरी पूड. आमच्या घराचा जोता दोन फूट उंच आहे. गॅरेज मात्र रस्त्याच्या पातळीला, कारण गाडी आत यायला हवी. त्या कोब्याखाली ओल अडवायला कुणी काही घातलंच नव्हतं. गाडीला ओलीचं काय!

मग एका वयस्कर गवंड्याने साधी परीक्षा सांगितली. दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा चौकोन घ्यायचा, चारी कडा टेपने जमिनीला घट्ट चिकटवायच्या आणि दिवसभर तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळवंडला, तर ओल जमिनीतून येते आहे. आमच्याकडे चौकोन आतून पांढरा झाला होता.

त्यांनीच नळीत पाणी भरून लेव्हल काढली. मागच्या भिंतीपासून शटरपर्यंत अडीच इंच उतार निघाला. गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेला. माझी चाकांची खुर्ची सारखी दाराकडे का सरकते, ते तेव्हा कळलं. मग जाड प्लास्टिक अंथरून, भिंतीवर वीतभर चढवून, त्यावर काँक्रीटचा थर टाकला. मागे तीन इंच, शटरकडे साडेपाच. वर फरशी न घालता आहे त्याच काँक्रीटला घोटाई केली, कारण उंची वाचवायची होती. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची लागते आणि आमचा स्लॅब साडेनऊ फुटांवरच आहे.

हे सगळं करण्याआधी आर्किटेक्टकडे जायला हवं होतं. आम्ही नंतर गेलो. पार्किंग म्हणून दाखवलेली जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्या हिशेबात, धरलेली नसते, खोली केली की धरली जाते. आमचा एफएसआय शिल्लक होता म्हणून सुधारित नकाशा मंजूर झाला. नसता, तर सगळं काढून टाकावं लागलं असतं.

तुमच्यापैकी कुणी हे केलं असेल, करता करता सोडलं असेल, तर लिहा. जमिनीचं काय केलंत, उन्हाचं काय केलंत, घरच्यांना कितपत पटलं. खर्चाचे आकडे लिहिले नाहीत तरी चालेल. पण चुका जरूर लिहा, त्यांचाच पुढच्याला उपयोग होतो.

सिडको, नाशिक

माझं फॉल-पिकोचं काम. चौदा वर्षं मशीन हॉलमध्ये होतं. बायका यायच्या, दिवाणावर बसायच्या, मुलं अभ्यासाची पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात जायची. मिस्टरांनी रिक्षा विकली तेव्हा तिची शेड रिकामी झाली. शेड म्हणजे तीन भिंती, वर पत्रा आणि समोर पश्चिमेला शटर.

एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर त्या शटरला हात लावता येत नाही. आत मशीनची सुई बोटाला गरम लागायची. पंखा लावला की शिफॉन उडते, बंद केला की घामाचे डाग पडतात. दुसऱ्याच्या साडीवर डाग म्हणजे काय ते माझ्यासारखीला विचारा. दोन महिने काढले आणि मग शटरच्या आत तीन फूट सोडून विटांची भिंत घातली, तिला दार आणि खिडकी. शटर आता फक्त रात्री पाडते. मधल्या तीन फुटांच्या पट्ट्यात चपला, पाण्याचा माठ आणि एक बाक. पत्र्याखाली थर्मोकोल आणि प्लायचं छत केलं.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. ट्यूबलाइटखाली दोऱ्याची छटा कळत नाही. राणी आणि जांभळा यांत मी दोनदा फसले, फॉल उसवून पुन्हा लावला. म्हणून आता उत्तरेच्या भिंतीला वर एक लांबट खिडकी फोडून घेतली आहे. तिथून ऊन फारसं येत नाही, नुसता उजेड येतो. दोऱ्याचं रीळ साडीवर धरून मी तिथेच उभी राहते. ज्यांचं काम रंगाचं आहे, त्यांनी आधी खिडकीची जागा ठरवावी, मग टेबलाची.

हॉल मोकळा झाला तेव्हा धाकटी म्हणाली, "आई, आपलं घर केवढं आहे!"

मुलुंड

सोसायटीत राहणाऱ्यांसाठी एवढंच: स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं, पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे. २०१६च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या छप्पर आणि तीन बाजूंना भिंती अशी आहे. उघड्या पार्किंगच्या जागा त्यातून स्पष्ट वगळल्या आहेत. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं. आमच्या इमारतीत एकाने पार्टिशन लावून छोटं ऑफिस थाटलं होतं. ते उतरवावं लागलं, आणि त्यापायी शेजाऱ्यांशी संबंध बिघडले ते बिघडलेच. ती जागा सगळ्यांची असते. कृपया करू नका.

सांगली

मी कर सल्लागार आहे. गॅरेजमध्ये ऑफिस केलं २०१७ साली, छान सनमायका लावून. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं आणि आमच्या गल्लीत छातीएवढं आलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर शटर उघडेना, कारण आतलं प्लायचं कपाट फुगून शटरला टेकलं होतं. फायलींचा लगदा झालेला. लोकांचे वीस-वीस वर्षांचे कागद होते त्यात. एका आजोबांची जमिनीची जुनी पावती होती. ती मी त्यांना परत देऊ शकलो नाही आणि ते मला काही बोललेही नाहीत.

पुन्हा उभं केलं ते वेगळ्या रीतीने. प्लाय अजिबात नाही. टेबल आणि फळ्या कडप्प्याच्या, लोखंडी अँगलवर. विजेचे सगळे पॉइंट साडेचार फुटांवर, वायर वरून खाली आणलेली. गॅरेजला स्वतंत्र एमसीबी, तोही वरच्या मजल्यावरून बंद करता येईल असा. मूळ कागद मी ठेवतच नाही, स्कॅन करून त्याच दिवशी परत देतो. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. दोन दिवसांनी उतरलं तेव्हा पाइपने गाळ धुतला, कडप्पे पुसले आणि आठवड्याच्या आत कामाला बसलो.

नदीकाठच्या गावात गॅरेज ही घरातली सगळ्यात खालची जागा असते. आधी पूररेषा बघा.

रेडिंग, इंग्लंड

इथे पुष्कळ घरांना गॅरेज असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी बाहेर उभी असते. आमचं आतून जेमतेम आठ फूट रुंद. बाहेरच्या आकारात बदल नसेल तर गॅरेजची खोली करायला प्लॅनिंगची परवानगी सहसा लागत नाही, पण नव्या वसाहतींत ती सूट काढून घेतलेली असू शकते. बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी मात्र लागतेच. मी आधी वैतागलो. नंतर त्या इन्स्पेक्टरबाईंचे आभार मानले.

गॅरेजची भिंत एकेरी विटेची असते, घराची दुहेरी. पहिल्या हिवाळ्यात मी नुसता हीटर लावून बसलो होतो. सकाळी लॅपटॉप उघडला की पडद्यावर दव. बोटं वळायची नाहीत. मराठीत टाइप करताना जोडाक्षरं चुकायची, कारण करंगळीला शिफ्ट दाबल्याचं कळायचंच नाही. दुसऱ्या वर्षी रीतसर केलं: जमिनीवर ओल अडवणारं प्लास्टिक, त्यावर फोमचे जाड बोर्ड, त्यावर लाकडी तक्ते. भिंतींना आतून फ्रेम आणि इन्सुलेशन. मोठं दार काढून तिथे भिंत आणि खिडकी. जमीन झाकण्याआधी इन्स्पेक्टर बघून जातात. त्यांनी एका कोपऱ्यात प्लास्टिक भिंतीवर चढवलेलं नाही हे दाखवलं आणि ते पुन्हा करून घेतलं. पुण्याच्या ताईंनी लिहिलेली जुलैतली ओल मला त्या कोपऱ्यात मिळाली असती.

भिंतींच्या जाडीत खोली आणखी अरुंद झाली, पण आता जानेवारीत पायात मोजे नसले तरी चालतं.

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

आम्ही खोली केली नाही, आणि ते जाणूनबुजून. इथे गॅरेजमध्येच गरम पाण्याची टाकी, कपड्यांचं मशीन आणि ड्रायर असतो. टाकी गॅसवर चालते, तिला हवा लागते, तिला चारी बाजूंनी बंद करून चालत नाही. म्हणून दाराला आतून इन्सुलेशन लावलं, एक कोपरा घेतला आणि गाडी कायमची बाहेर काढली. गाडी एक मिनिटही आत सुरू करायची नाही हा आमच्या घरातला पक्का नियम आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अलार्म लावलाच आहे, पण भरवसा नियमावर.

आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना पालो अल्टोला ३६७ ॲडिसन ॲव्हेन्यूवर नेलं. ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी १९३९ साली त्या घरामागच्या गॅरेजमधून एचपी ही कंपनी सुरू केली. बारा बाय अठरा फुटांचं लाकडी गॅरेज. आत जाता येत नाही, फुटपाथवरून बघायचं. बाबांनी इचलकरंजीत आयुष्यभर पत्र्याच्या शेडमध्ये चार माग चालवले. ते बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "माझी शेड याहून मोठी होती." मला आजवर त्यांनी त्या शेडमध्ये कधी नेलं नव्हतं, लहानपणी आवाजाने कान बिघडतील म्हणून. आता मी त्यांना रोज संध्याकाळी माझ्या कोपऱ्यातून फोन करतो आणि ते मागांबद्दल सांगतात.

कुडाळ

हार्मोनियम दुरुस्त करतो. चिऱ्याचं गॅरेज, आतून गिलावा नव्हता, वर नळे, म्हणजे कौलं. आमच्याकडे पाऊस चार महिने थांबत नाही. पहिल्या पावसात दुरुस्तीला आलेल्या पेट्यांच्या भात्यांवर हिरवी-पांढरी बुरशी धरली. चामडं फुगलं की भाता जड होतो, लाकूड फुगलं की पट्टी दाबली तर वर येत नाही. सूर, म्हणजे आतल्या आवाज देणाऱ्या पात्या, पितळेचे, त्यांनाही हिरवट कळंक चढतो. एका सुरावर बोटाच्या नखाएवढा कळंक असला तरी तो सूर उतरतो, आणि बारीक कानशीने खरवडून पुन्हा मिळवायला अर्धा दिवस जातो.

आता नळ्यांखाली छत आहे, आतून चुन्याचा गिलावा, आणि हवा कोरडी करणारं यंत्र जून ते सप्टेंबर चालू. रोज संध्याकाळी त्याच्या भांड्यातलं पाणी ओततो, कधी कधी बादलीभर निघतं. पेट्या भिंतीला टेकवून ठेवायच्या नाहीत, चार बोटं अंतर सोडायचं. एवढ्यावर तीन पावसाळे निभावले.

कराड

सगळं वाचलं. आईच्या शिकवणीसाठी गॅरेज करायचं चाललंय, पंधरा मुलं जमिनीवर बसणार आहेत. उद्या फरशीवाला येणार होता, त्याला थांबायला सांगितलं. आत्ताच प्लास्टिकचा चौकोन कापून मधोमध चिकटवला आहे, एक भिंतीजवळही. उद्या संध्याकाळी काढून काय दिसलं ते लिहिते.