मदत हवी आहे : निरीक्षणगृहातली रिकामी पदं भरायची कुणी?

मराठवाड्यातल्या एका निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे, मी मुलांना गणित शिकवायला जातो. गृह चालवते एक संस्था, अनुदान महिला व बालविकास विभागाचं. रात्री सगळ्या मुलांवर एकच काळजीवाहक. दाराची किल्ली त्याच्याकडे, तापलेल्या पोराच्या कपाळावरची पट्टीही तोच बदलतो. समुपदेशक नाहीच. पोरांनी बोलायचं कुणाशी?

माहिती अधिकारात विचारलं. संस्था म्हणते मंजुरी शासनाची, जिल्हा कार्यालय म्हणतं भरती संस्थेची. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळाने (या मुलांची प्रकरणं तेच चालवतं) महिन्यातून एकदा तरी गृहाला भेट द्यायची असते, एवढं ठाऊक आहे. मुलांची नावं बाहेर येता कामा नयेत आणि माझं शिकवणंही सुटायला नको.

मग अर्ज आधी मंडळाकडे द्यावा, की थेट महिला व बालविकासच्या पुण्याच्या आयुक्तालयाकडे? आणि मंजूर पदांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती किती पदं याचा तक्ता, नेमका कुठून मिळेल?