गट पाडून नीतिमत्ता येते का?

डेस्कवाला_दादर
परवा इथे एका प्राध्यापिकाबाईंनी लिहिलं की पत्रकारितेची नीतिमत्ता व्याख्यानांतून शिकवणं बंद करा. गट पाडा, प्रसंग द्या, पोरं भांडून भांडून शिकतात. २७ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर, बातम्या निवडण्यात आणि पानं लावण्यात काढलीत, गप्प बसवत नाही.

२९ सप्टेंबर २०१७, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावरची चेंगराचेंगरी. रात्री पान एक लावताना समोर अकरा फोटो. एकात जिन्यात अडकलेल्या बाईचा चेहरा अगदी स्पष्ट. पान छपाईला सोडायला नऊ मिनिटं. गट कुठून आणू? तो फोटो बाजूला सारून पायऱ्यांवरच्या चपलांचा लावला. सकाळी वितरणवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, एकट्याने. गटात या शिव्या पाच जणांत वाटल्या जातात आणि कुणालाच लागत नाहीत.

वर्गातून_बोलतेय
ती बाई मीच. नऊ मिनिटांत ठरवलंत, कारण त्याआधी कितीतरी रात्री कुणाशी तरी भांडला असाल. ते भांडण मी वर्गात आणते, बास.

२६/११ घेते. एक जण वाहिनीचा संपादक, एक नरिमन हाउसबाहेरचा रिपोर्टर, एक आत अडकलेल्याची बहीण. कमांडो हेलिकॉप्टरमधून गच्चीवर उतरतायत, थेट दाखवायचं? गेल्या वर्षी 'दाखवायचंच' म्हणून टेबल बडवणाऱ्या मुलाला मध्येच बहीण केलं. बसला नखं खात. कसाब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये या थेट प्रक्षेपणावर ओढलेले ताशेरे मग त्याने स्वतः शोधून वाचले. व्याख्यानात सांगितलं असतं तर मोबाइल बघत बसला असता.

विरार_फास्ट
मॅडम, तुमच्याकडे असेल तसं. आमच्या गटात सहा जण. विषय, बलात्कार पीडितेची ओळख. ती उघड करायला बंदी घालणारं आधीचं दंड संहितेचं कलम २२८-अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, सगळं मी शोधलं. पीपीटी लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर केली. नावं सहा, मार्क सारखे. एक जण तर त्या दिवशी विचारत आला, 'माझी स्लाइड कुठली?' विषय नीतिमत्ता!!

डेस्कवाला_दादर
हाहाहा. मी दुसरं काय म्हणतोय?

जव्हार_वार्ताहर
दादा, तुम्ही हसू नका. बाळंतिणीला झोळीतून दवाखान्यात नेल्याची बातमी. पाड्यापर्यंत चिखलातून दीड तास चालत गेलो, फोटो काढले, नवऱ्याशी बोललो. दुसऱ्या दिवशी छापून काय आलं? 'विशेष प्रतिनिधी, मुंबई'. दीडशे रुपये मिळाले, तेही तीन महिन्यांनी. या विरारच्या पोरीचं आणि माझं दुखणं एकच आहे.

डेस्कवाला_दादर
बायलाइनचं, म्हणजे बातमीवर कुणाचं नाव छापायचं याचं धोरण वरून ठरतं. विषय गटकार्याचा आहे, उगाच भावनिक होऊ नका.

जव्हार_वार्ताहर
भावनिक?? धोरण वरून येत असेल, कात्री घेऊन वरचे खाली येत नाहीत. नाव डेस्कवरच उडतं. चेहरा झाकलात म्हणून पाठ थोपटून घेताय, नावं किती झाकलीत ते सांगा.

कुर्ला_पश्चिम
नावाचं काय घेऊन बसलात? २००९ च्या विधानसभेला पैसे मोजून बातम्या छापल्या गेल्या तेव्हा कुठली बायलाइन होती? आणि वर्तमानपत्रांवर लक्ष ठेवणारी प्रेस कौन्सिल करणार काय, ताशेरे ओढणार. दंडाचा अधिकारच नाही. आधी मालकांचे गट पाडा.

विरार_फास्ट
काका, पेड न्यूजसाठी वेगळा धागा काढा ना प्लीज.

वर्गातून_बोलतेय
सारखे मार्क मीही देते, खोटं कशाला बोलू. साठ पोरं आणि मी एकटी. पुढच्या सत्रापासून कुणी काय केलं याचं पान प्रत्येकाकडून वेगळं घेईन. जव्हारकर, तुमचा किस्सा वर्गात प्रसंग म्हणून देऊ का?

डेस्कवाला_दादर
नावं उडवलीत. दोन-तीनदा. 'जागा नाही' म्हणायचो. एका ओळीची जागा नव्हती, हो. झालं समाधान?

जव्हार_वार्ताहर
अर्धं. मॅडम, द्या किस्सा, पण कुणाचा आहे ते सांगा. आणि दादांना एकदा वर्गात बोलवा. डेस्कची भूमिका नको, माझी द्या.

डेस्कवाला_दादर
येतो. पीपीटी मी करणार नाही.