मदत हवी आहे : तीन ग्राहक भांडारांची एकत्र खरेदी कशी जमवायची?

नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावातल्या एका सहकारी ग्राहक भांडाराच्या संचालक मंडळावर मी यंदा नव्यानेच आलोय. समोर मॉल उभा राहिल्यापासून आमची उधारीवाली गिऱ्हाईकं तेवढी टिकली, रोखीवाली गेली. साखर, तेल, तूरडाळ आम्ही पोत्यांनी घेतो, मॉलवाले ट्रकने. भावात तिथेच मार खातो.

शेजारच्या दोन भांडारांशी बोललो. एकत्र माल उचलायला दोघेही तयार आहेत. पण १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे संघीय संस्थेला, म्हणजे संस्थांनी मिळून काढलेल्या संस्थेला, किमान पाच संस्था सभासद लागतात, आम्ही तिघेच. मग नुसत्या करारावर खरेदी चालते का? बिल कोणाच्या नावावर फाडायचं, जीएसटीचं काय, आणि एकाने पैसे थकवले तर घाऊक व्यापारी कोणाची मानगूट धरणार?

इंग्लंडातल्या भांडारांनी १८६३ मध्येच मँचेस्टरला स्वतःची घाऊक संस्था काढली होती. आमची गाडी अजून चहापत्ती कोणत्या कंपनीची घ्यायची यावरच अडलीय!

कोणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर कराराचा मसुदा दाखवाल का? लेखापरीक्षकाने काय हरकती काढल्या तेही सांगा. वार्षिक सभा तोंडावर आहे.